दिव्यांगांसाठी वाहनचालनाचे सुरक्षित पाठ

ग्रामीण भागात स्वतःचे वाहन ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. निलंगा तालुक्यातील गावातून तहसील कार्यालय किंवा लातूरचे रुग्णालय गाठताना ज्याचे पाय अधू आहेत, त्याला एस.टी.ची पायरी चढणे हाच सर्वांत अवघड टप्पा वाटतो. शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने अनेकांना कायमचे अपंगत्व दिले. हा प्रश्न या भागाला नवा नाही.

कायद्याची वाट मोकळी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांच्या गरजेनुसार बदललेल्या, म्हणजे अनुकूलित, वाहनाची संज्ञा आली व अशा वाहनापुरता परवानाही मिळतो. अडचण आहे ती शिकण्याची. प्रशिक्षणाच्या सर्वसाधारण मोटारीत ब्रेक व ॲक्सिलरेटर पायानेच चालतात. त्यामुळे आधी गाडी घ्या, तिच्यात बदल करवून घ्या आणि मग शिका, असा उलटा क्रम पडतो. खर्च होऊनही ती झेपेल की नाही, हे आधी कळत नाही.

येथे आभासी वास्तवावर आधारलेला सिम्युलेटर उपयोगी पडतो. शिकणारा जागच्या जागी आसनावर बसतो. डोळ्यांवरील उपकरणात त्याला रस्ता दिसतो. मान वळवताच दृश्यही वळते. सुकाणूजवळ हाताचा दांडा बसविलेला असतो. काही रचनांत तो ढकलला की ब्रेक लागतो व ओढला की वेग वाढतो. आडवे आलेले जनावर, पाऊस, रात्रीचा समोरचा प्रकाश, हे प्रसंग धोक्याविना पुन्हा पुन्हा अनुभवता येतात. ब्रेक दाबण्यास लागलेला वेळही यंत्र नोंदविते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर जाते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा विलंब ५ मीटरचा ठरतो. कोणाला कोणते नियंत्रण सोयीचे, हे गाडी घेण्यापूर्वीच उमगते.

या साधनाला मर्यादाही आहेत. काहींना त्यात मळमळते, आणि रस्त्यावरील सराव व परवान्याची चाचणी त्याने टळत नाही.

१ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर असणे आवश्यक आहे. त्याला हातनियंत्रणाचा संच जोडला जावा, अशी मागणी पंचायत सदस्यांनी केली आणि शिक्षकांनी गावातील इच्छुक तरुणांची यादी पुढे ठेवली, तर परवान्याचा हक्क कागदावरून रस्त्यावर उतरेल.