जुन्या बोटीचे तारण

अमेरिकेत ‘बोट’ या इंग्रजी शब्दाच्या चार अक्षरांची एक फोड सांगतात: ‘ब्रेक आउट अनदर थाउजंड’. म्हणजे, काढा आणखी एक हजार! विनोद जुनाच आहे. पण हौसेच्या मासेमारीसाठी जुनी बोट घेऊ पाहणाऱ्या नोकरदाराने तो हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

माझा भाचा मेरिलँडमध्ये, चेसापीक उपसागराजवळ राहतो. तिथल्या रॉकफिश नावाच्या पट्टेरी माशाने त्याला वेड लावले आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत मी माशांना दोष देत नाही. नवराबायकोने मिळून पंधरा हजार डॉलर साठवले होते. “मामा, तुम्ही जन्मभर लोकांची तारणं तपासलीत. ह्याच्याबरोबर एकदा जाऊन याल?” भाचेसून म्हणाली. हेमिंग्वेनेसुद्धा १९३४ साली ‘पिलार’ ही बोट घेताना एका मासिकाच्या संपादकाकडून लेखांपोटी उचल घेतली होती. मराठी कादंबरीकाराला अशी उचल कोणी देत नाही, म्हणून मी नुसताच सोबत गेलो.

बँकेची सवय, आधी कागद. नोव्हेंबर १९७२ पासून तिथे प्रत्येक बोटीला बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. तो मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला सापडतो. पहिली तीन अक्षरे कारखान्याची आणि अलीकडच्या बोटींवर शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. हा क्रमांक मालकीपत्राशी ताडून पाहायचा. कर्ज असेल तर बोजा त्या पत्रावर असतो. ‘ते केव्हाच फिटलंय हो’ असे मालक म्हणाला, तर धनकोचे पत्र मागायचे. तोंडी बोलण्याने बोजा उतरत नाही. शिवाय मेरिलँड सरकारचा पाच टक्के कर असतो. तो जाहिरातीतल्या किमतीत धरलेला नसतो.

मग बोटीचे अंग. फायबर ग्लास कुजत नाही हे खरे; पण ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगलेले असते, तिच्या पोटात जुन्या बोटींत बहुधा प्लायवूड असते. कुणीतरी त्यात स्क्रू मारतो, भोक नीट बुजवत नाही, आणि पाणी वर्षानुवर्षे आत झिरपते. बाहेरून चकाकी तशीच! प्लॅस्टिकच्या हातोडीने हळूच ठोकावे. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. इंजिन वर उचलून त्यावर भार द्यावा. भिंत लवली तर नमस्कार करून निघावे. डेकखालची अ‍ॅल्युमिनियमची इंधनटाकी गंजली असेल तर ती बदलायला अनेकदा डेकच कापावे लागते. इंजिनाच्या खालच्या भागातले गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. आणि इव्हिनरूड इंजिन स्वस्तात मिळाले तर हुरळू नये, त्यांचे उत्पादन २०२० मध्येच थांबले.

पहिली बोट बावीस फुटी होती, चौदा हजारांची, आरशासारखी. भाच्याच्या डोळ्यांत ती तेव्हाच पाण्यावर तरंगत होती. तरी स्वतंत्र सर्व्हेअर बोलावला. तिथे त्याची फी फुटावर असते आणि ती ग्राहकाने द्यायची, म्हणून तो ग्राहकाचा माणूस. पाचशे डॉलर गेले. ओलावा मोजण्याच्या यंत्राने मागची भिंत ओली दाखवली. मालक लगेच दोन हजार उतरायला तयार झाला. भाचा माझ्याकडे बघू लागला, मी भाचेसुनेकडे. तिने पाकिटाच्या मागे दुरुस्ती, कर, विमा, जागेचे भाडे मांडले आणि पाकीट त्याच्या हातात दिले. घरी परतताना गाडीत कोणी बोलले नाही.

नोव्हेंबरात दुसरी पाहिली. थंडीत बोट ठेवायला भाडे पडते, म्हणून त्या सुमारास मालक नरमतात. वीस फूट, रंग उडालेला, साडेनऊ हजार. मालक निवृत्त शिक्षक. त्याने बुटाच्या खोक्यातून सर्व्हिसिंगची सगळी बिले तारखेवार काढून दाखवली. सर्व्हेअरने पुन्हा हातोडी चालवली. या वेळी आवाज टणक आला. नऊ हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांतून आधी ट्रेलरचे टायर आणि चार जीवरक्षक जाकिटे घेतली. बिलांचे खोके भाचेसुनेने मागून घेतले.