हेड खोलण्याआधी : विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बाहेरून कसं तपासायचं

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. भागात जिथं इंजिनाचे आवाज ऐकवले आहेत, तिथं मी शब्दांत वर्णन केलंय. वाचून झाल्यावर जमलं तर ऐकाच, कारण अर्धी तपासणी कानानंच होते.

प्रश्न नेहमीचा आहे. वडिलांच्या, आजोबांच्या काळातलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन खोपीत पडून आहे, हँडल मारलं तर फुर्र करून गप्प बसतं. कुणीतरी येऊन सांगतं, "हेड खोलावं लागेल, रिंग-पिस्टन गेलं." माझं म्हणणं एवढंच, की हेडला पाना लावण्याआधी अर्धा तास बाहेरून घालवा. शेतात हेड उघडलं की धूळ आत जाते, गॅस्केट नवं लागतं, गंजलेला स्टड तुटला तर वेगळंच काम निघतं. आणि बसलेलं जुनं लायनर काढून बाजारातला कुठलाही सेट घातला, की इंजिन पहिल्यासारखं चालेलच असं नाही.

आपल्याकडे साधारण दोन घराणी दिसतात. एक, इंग्लंडमधल्या डर्स्लीच्या लिस्टर सीएसची आणि तिच्यावरून भारतात बनलेल्या नकलांची. बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच, सहा हॉर्सपॉवर, वेग फक्त 650 फेरे. दोन मोठी फ्लायव्हील आणि तो ठक... ठक... ठक. नक्कल असेल तर संपची झाकणी उघडून तळ पुसून घ्या. काही नकलांत ओतकामाची वाळू आत राहिलेली असते आणि ती बेअरिंग खाते. दुसरं घराणं 1500 फेऱ्यांचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात 1946 साली सुरू झाली. त्यांचं एव्ही-1 बऱ्याच विहिरींवर दिसतं. बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110. खालची तपासणी दोघांनाही लागू आहे.

सुरुवात डिझेलपासून. टाकी वर असते, डिझेल वजनानं खाली येतं, त्यामुळे लोक धरून चालतात की ते पोचतंच. पण टाकी एकदा कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला, की लाइनमध्ये हवा अडकते. हवा दबते, डिझेल दबत नाही. पंप हवेलाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. हवा टाकीकडून नोझलकडे, याच क्रमानं काढायची: आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून, मग पंपाचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचं. शेवटी नोझलकडच्या पाइपाचा नट थोडा ढिला करून हँडल फिरवायचं. तांब्याचे जुने वॉशर कडक होऊन गळतात. ते लाल होईपर्यंत तापवून थंड केले की मऊ होतात, पुन्हा वापरता येतात.

इथं एक गोष्ट जोर देऊन सांगतो. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा असेल तर समोर हात, बोट, तोंड काहीही आणू नका. हा फवारा 200 बारच्या आसपासच्या दाबानं निघतो आणि कातडी भेदून आत जातो. बाहेरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं आणि बोट काढायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल दाबानं आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

नोझल न काढताही बरंच कळतं. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून हँडल सावकाश फिरवा आणि कान द्या. प्रत्येक इंजेक्शनला 'कर्रक' असा कोरडा आवाज आला, तर डिझेल पोचतंय आणि नोझल उघडतंय. आवाजच नाही, तर हवा किंवा पंप. मऊ, ओला आवाज असेल तर नोझल गळतंय.

आणखी एक गंमत. इंजिन पंधरा-वीस मिनिटं झकास चालतं, मग धाप लागल्यासारखं होऊन बंद पडतं. जरा थांबलं की पुन्हा चालू. अशा वेळी पंप बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत. आधी टाकीच्या झाकणाचं भोक बघा. ते मातीनं बुजलं की आत हवा जात नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. तारेच्या तुकड्यानं काम होतं.

आता दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. डिझेल बंद ठेवा, लिव्हर खाली सोडा आणि फ्लायव्हील हातानं दाबापर्यंत आणा. इंजिन निरोगी असेल तर चाक चेंडूसारखं मागे उसळतं. सुस्कारा टाकत पुढे गेलं तर दाब गळतोय. कुठून? तेही ऐकू येतं. इनलेटला फुसफुस म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरला म्हणजे रिंग, पाण्यात बुडबुडे म्हणजे गॅस्केट. व्हॉल्व्हवर संशय असला तरी लगेच हेड काढू नका. सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट संपते. मग व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. थंड इंजिनावर फट पुस्तिकेप्रमाणे लावून बघा. रिंगची शंका असेल तर इनलेटमधून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, लिव्हर उचलून चार-पाच फेरे द्या आणि पुन्हा दाब बघा. दाब वाढला तर रिंग-लायनर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. चमचाभर म्हणजे चमचाभरच, वाटीभर नाही.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटतं. अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगटच जातं. हँडलची खाच झिजलेली असेल तर ते शाफ्टवर अडकून फिरत राहतं. ते पकडायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. आणि धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला टॉवेल आधी आवरायचा. पट्टा माणूस बघत नाही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाणी. पंपाच्या डिलिव्हरीतून बारीक पाइप काढून जॅकेटमधून पाणी सोडतात आणि ते जितकं गार तितकं चांगलं, असं समजतात. उलट आहे! विहिरीचं गार पाणी भरधाव सोडलं की सिलिंडर तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, गंधकाचं आम्ल भिंतीला चिकटतं आणि लायनर झिजतो. वर संपमध्ये काळा चिखल साचतो. कॉक इतका कमी करा, की बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात जेमतेम टिकेल. उन्हाळ्यात शेजारी म्हणतील, "अहो, इंजिन जळेल!" म्हणू द्या. मात्र पाणी खारं असेल तर वर्षातून एकदा जॅकेट उघडून क्षार खरवडा, नाहीतर पाणी वाहतं आणि तरी हेड तापतं.

धुराचं थोडक्यात: काळा म्हणजे ओझं जास्त, हवा कमी किंवा नोझल खराब, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता निघतंय, किंवा आत पाणी आहे. सुरुवातीचे दोन मिनिटं पांढरा आला तर घाबरू नका.

फार झिजलेलं इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल ओढून भरकटतं. वेग वाढतच जातो आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. तेव्हा इनलेटवर फळी दाबून हवा तोडायची. हात ठेवायचा नाही, पोतं तर मुळीच नाही, ते आत ओढलं जातं. म्हणून एक फळीचा तुकडा इंजिनाजवळ कायम ठेवा.

पावसाळ्यात इंजिन बंद राहतं, तेव्हा टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत दव धरत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी चाक थांबवा, आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला. पावसाचं पाणी तिथूनच सिलिंडरमध्ये उतरतं आणि दिवाळीनंतर कुणी जोरात हँडल मारलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दबत नाही, हे लक्षात आहे ना? पहिले दोन-तीन फेरे लिव्हर उचलून, सावकाश, हातानं.

एवढं करूनही दाब ब्रीदरमधूनच गळत असेल, तर खुशाल हेड काढा. पुढच्या भागात लायनर मोजायचं बोलू.