चावी घेतली म्हणजे हक्क संपला नाही

बिल्डरशी वाद झाला की सल्ले चहूकडून येतात. त्यातले हे पाच कानावर हमखास पडतात आणि पाचही चुकीचे आहेत.

गैरसमज : करारनाम्यावर सही केली, आता त्यातली प्रत्येक अट पाळावीच लागेल.
वस्तुस्थिती : ग्राहकाचा हप्ता चुकला तर 18 टक्के व्याज आणि बिल्डरने ताबा लांबवला तर चौरस फुटामागे किरकोळ रक्कम, अशी कलमे जुन्या करारांत सर्रास दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ‘पायोनियर अर्बन’ प्रकरणात अशा एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येणार नाहीत, असे सांगितले. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यात तर दोघांना व्याजदर एकच आहे. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जासाठीच्या आधारभूत व्याजदरापेक्षा, 2 टक्के जास्त असतो.

गैरसमज : ताबा रखडला तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही.
वस्तुस्थिती : रेराच्या कलम 18 नुसार दोन पर्याय आहेत. व्यवहारातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागा. किंवा फ्लॅट हवाच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज मागा. तक्रार महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन करता येते.

गैरसमज : ताबा घेतला की बिल्डर मोकळा.
वस्तुस्थिती : बांधकामातला दोष ताब्यापासून 5 वर्षांत लेखी कळवला, तर 30 दिवसांत तो पदरमोड करून दुरुस्त करणे बिल्डरला बंधनकारक आहे. तोंडी तक्रारीवर विसंबू नका.

गैरसमज : रेरा आल्यापासून ग्राहक आयोगात जाता येत नाही.
वस्तुस्थिती : येते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ‘इम्पीरिया’ निकालात हे स्पष्ट केले. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावता येत नाही. फ्लॅटसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. तक्रारीची मुदत साधारणपणे 2 वर्षे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, न मिळवणे ही मात्र सतत चालू राहणारी चूक असल्याचे न्यायालयाने 2022 मध्ये एका मुंबईकर सोसायटीच्या प्रकरणात मानले.

गैरसमज : बिल्डर सही करत नाही तोवर जमीन सोसायटीच्या नावावर होणार नाही.
वस्तुस्थिती : 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या मालकी हक्काच्या फ्लॅटबाबतच्या कायद्यात 2008 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्सची वाट मोकळी केली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. बिल्डरची संमती लागत नाही.

एक सावधगिरी. आदेश हाती आला म्हणजे पैसे खात्यात आले, असे नाही. बिल्डरने टाळाटाळ केली तर महारेराकडून वसुली वॉरंट घ्यावे लागते. मग जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. तेव्हा करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा.