पत्रकावरचा चौकोन केवळ शोभेसाठी नव्हे!

प्रतिनिधी, मुंबई

सकाळी वर्तमानपत्र उघडले की त्यातून दोन-चार रंगीत पत्रके हमखास खाली पडतात. गिरगावात ती शिकवणी वर्गांची असतात, दादरला साड्यांच्या सेलची, तर परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधील घरांची. या पत्रकांच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, अर्थात क्यूआर कोड, आता ठरलेलाच असतो. मात्र तो मोबाइलने वाचता येतो का आणि वाचल्यावर ग्राहकाच्या हाती काय लागते, याचा विचार पत्रक छापून घेणारे फारसा करीत नाहीत. घराच्या जाहिरातीत तर हा प्रश्न चाळीतील कुटुंबाच्या आयुष्यभराच्या पुंजीशी निगडित असतो.

घराच्या जाहिरातीत सक्ती

कोडचा नेमका उपयोग कसा करावा, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'महारेरा'ने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले. वर्तमानपत्रांतील जाहिराती, पत्रके, माहितीपुस्तिका, फलक अशा सर्वांना हा नियम लागू आहे. तो मोडणाऱ्या विकासकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोड नावापुरता छापण्याची पळवाट राहू नये म्हणून एप्रिल २०२५ मध्ये आणखी एक आदेश निघाला. नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात ठळकपणे असावेत, असे त्यात म्हटले आहे.

पूर्वी ग्राहकाला बारीक अक्षरांतील नोंदणी क्रमांक शोधून तो संकेतस्थळावर टाकावा लागे. आता कोड वाचताच प्रकल्पाचे पान उघडते. नोंदणी केव्हा झाली, प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख कोणती, आराखड्यात बदल झाले का, तक्रारी आहेत का, हे तेथे पाहता येते. जे कागदावर मावत नाही आणि जे जाहिरातदार आपणहून सांगणार नाही, ते या कोडमुळे समोर येते.

तथापि, कोड म्हणजे हमी नव्हे. उघडलेले पान महारेराच्या अधिकृत संकेतस्थळाचेच आहे ना, पत्रकावरील नोंदणी क्रमांक आणि पानावरील क्रमांक जुळतात ना, हे ग्राहकाने पाहायलाच हवे.

मोटारीच्या सुट्या भागांपासून पत्रकापर्यंत

जपानमधील 'डेन्सो वेव्ह' कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांमुळे कॅमेऱ्याला कोडची दिशा कळते, म्हणून पत्रक उलटे धरले तरी तो वाचता येतो. कोड तयार करताना निवडलेल्या पातळीनुसार त्याचा ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळवता येते. डागाळलेले पत्रकही चालते, ते यामुळेच.

या सोयीलाही मर्यादा आहेत. कोडमध्ये भरलेला पत्ता जितका लांब, तितके ठिपके अधिक आणि बारीक होतात. सर्वांत लहान कोडमध्ये प्रत्येक बाजूला २१ घरे असतात, सर्वांत मोठ्यात १७७. छोट्या पत्रकावर लांबलचक पत्ता कोंबला की कॅमेरा अडखळतो.

छपाईपूर्वी काय पाहावे?

* कोडची रुंदी वाचण्याच्या अंतराच्या साधारण एकदशांश असावी. हातात धरायच्या पत्रकावर २ ते अडीच सेंटिमीटर पुरेत. एक मीटरवरून वाचायच्या भित्तिपत्रकावर १० सेंटिमीटर हवेत.
* कोडभोवती चारही बाजूंना किमान चार ठिपक्यांएवढी कोरी जागा सोडावी. तेथे नक्षी वा मजकूर नको.
* फिक्या पार्श्वभूमीवर गडद शाई वापरावी. सोनेरी वा चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडून कोड वाचता येत नाही.
* पत्रकाची घडी कोडवरून जाऊ नये.
* कोडशेजारी तो कशाचा आहे हे एका ओळीत लिहावे आणि खाली छोटा पत्ता वा दूरध्वनी क्रमांक द्यावा. स्मार्टफोन नसलेल्या आजोबांनाही पत्रक उपयोगी पडले पाहिजे.
* काही सेवा कोडचा पत्ता नंतर बदलण्याची सोय देतात. पण त्यांची वर्गणी भरायची राहिली, तर वाटलेली हजारो पत्रके निकामी होऊ शकतात. शक्यतो स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता वापरावा.

देणगीचा कोड अधिक जबाबदारीचा

गणेशोत्सवात वर्गणीसाठी यूपीआयचा कोड छापणाऱ्या मंडळांनी आणखी एक काळजी घ्यावी. खाते ज्या नावाने आहे, ते नाव कोडखाली ठळक छापावे. पैसे पाठवण्यापूर्वी मोबाइलवर खातेदाराचे नाव दिसते. ते पत्रकावरील नावाशी जुळले नाही, तर देणगीदाराला वेळीच थांबता येते. भिंतीवरच्या पत्रकावर कोणी दुसराच कोड चिकटवला, तर तोही असाच उघडा पडतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

अखेरची परीक्षा सोपी आहे. हजार प्रती छापण्याआधी मुद्रकाकडून एक नमुना घ्यावा आणि नव्या-जुन्या दोन-तीन मोबाइलवर वाचून पाहावा. दिवसा उजेडात आणि संध्याकाळी चाळीच्या अंधुक जिन्यातही. तेथे तो वाचला गेला, तरच छपाईला परवानगी द्यावी.