गिधाडांचा ऱ्हास आणि परिसंस्था सेवांचे आर्थिक मूल्य

प्रस्तावना :
निसर्गातील परिसंस्थांकडून मानवास मिळणाऱ्या लाभांना परिसंस्था सेवा असे म्हणतात. परागीभवन, जलशुद्धीकरण, मृदासंधारण ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या सेवांची बाजारात खरेदी-विक्री होत नसल्याने राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत त्यांना बहुतांशी स्थान मिळत नाही. रॉबर्ट कोस्टान्झा व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा १७ सेवांचे जागतिक मूल्य वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर इतके अंदाजले होते. तथापि, एखाद्या सेवेचे मूल्य ती खंडित झाल्यावरच प्रकर्षाने जाणवते. भारतातील गिधाडांचा ऱ्हास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ऱ्हासाचे कारण :
मृत जनावरांची विल्हेवाट गिधाडे विनामूल्य लावत असत. १९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध स्वस्त झाले आणि गुरांवर सर्रास वापरले जाऊ लागले. असे औषध दिलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

आर्थिक परिणाम :
गिधाडांअभावी मृत जनावरे उघड्यावर सडू लागली. जलस्रोत दूषित होण्याचा, तसेच भटकी कुत्री वाढून रेबीज पसरण्याचा धोका वाढला. आयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिधाडांच्या अधिवासास अनुकूल व प्रतिकूल जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना केली. त्यानुसार २०००–२००५ या काळात सुमारे ५ लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाले आणि वार्षिक हानी सुमारे ६,९४० कोटी डॉलर होती. मृत्यूचा धोका टाळण्यासाठी समाज किती खर्च करण्यास तयार असतो, यावरून हे मूल्य काढले जाते. ते मानवी जीवनाची किंमत नव्हे, तर धोरणनिर्मितीसाठी वापरावयाचे मोजमाप आहे.

निष्कर्ष :
स्वस्त औषधाचा लाभ पशुपालकास मिळाला. हानी मात्र संपूर्ण समाजाने सोसली. भारत सरकारने २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गिधाडांसाठी सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषधही उपलब्ध होते. परंतु गिधाडाची मादी वर्षाला साधारणतः एकच अंडे घालत असल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. म्हणूनच पशुवैद्यकीय औषधास परवानगी देण्यापूर्वी त्याच्या परिसंस्थीय परिणामांची तपासणी होणे, हे नंतरच्या बंदीपेक्षा आर्थिकदृष्ट्याही अधिक हितावह ठरते.