शिक्षा आणि मजुरी

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरणाऱ्यास फाशी होती. ज्यूरीतील सद्गृहस्थ दया येऊन चोरलेल्या मालाची किंमत खुशाल ३९ शिलिंग ठरवीत आणि आरोपीचा जीव वाचवीत. वाचलेल्या जिवाचे पुढे काय करावयाचे, हे १७१८ च्या कायद्याने सांगितले होते : सात वर्षे समुद्रापार. अमेरिकेतील मळेवाल्यांना मजूर हवे होते. कंत्राटदार कैदी तेथे नेत आणि त्यांचे श्रम विकीत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने ही बाजारपेठ बंद पडली, तेव्हा १७८७ मध्ये ११ जहाजांचा तांडा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. १८६८ पर्यंत सुमारे १ लाख ६० हजार कैदी तिकडे गेले. या व्यवस्थेचा आधार दया नव्हे, मजुरांची टंचाई हाच होता, असे म्हणणे भाग आहे.

आपल्याकडेही हाच हिशेब मांडला गेला. १८१५ पासून मुंबई आणि बंगाल इलाख्यांतील कैदी मॉरिशसला धाडण्यात आले व रस्त्यांच्या कामी जुंपले गेले. १८३६ मध्ये डार्विनने त्यांना पोर्ट लुई येथे पाहिले. त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे त्याला नवल वाटले. उलट दिशेने, मलाक्काच्या सामुद्रधुनीकडील वसाहतींतून चिनी कैदी महाबळेश्वरी आणले गेले. १८३४ च्या सुमारास त्यांच्यासाठी तेथे तुरुंग बांधण्यात आला. तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी डोंगरात रस्ते केले, भाजीपाल्याचे मळे फुलविले. उन्हाळ्यात हवा खाण्यास येणाऱ्या साहेबांच्या ताटात पडणारा बटाटा त्यांच्याच हातचा असे.