जॉयस्टिक आणि कापसाचे शेत

‘जॉयस्टिक’ हा शब्द आमच्या घरांत शिरला तो मुलांच्या खेळण्याबरोबर. त्यामुळे वडीलधाऱ्या मंडळींचे त्याविषयीचे मत फारसे अनुकूल नाही, आणि सुट्टीतील दुपारी पाहता त्यांस दोषही देववत नाही. परंतु या दांडीचा जन्म खेळण्यात झालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सात एस्नो-पेल्तरी, ब्लेरिओ प्रभृतींनी विमान वळविण्यासाठी ती योजिली, आणि इंग्रज वैमानिकांनी तिला हे लाडके नाव दिले. शब्दशः ‘आनंददंड’ म्हटल्यास हसे होईल; ‘नियंत्रणदंड’ म्हणावे हे बरे.

मोटारीचे चक्र केवळ डावे-उजवे जाणते. ही दांडी मात्र पुढे, मागे, दोन्ही बाजूंस व मधल्या कोणत्याही दिशेस कलते. जुन्या विमानात ती तारांनी पंखांच्या व शेपटीच्या झडपांस जोडलेली असे. मागे ओढली की विमानाचे नाक वर येई, डावीकडे कलविली की डावा पंख खाली जाई. पुढे तारांचे काम विद्युत्संदेशांनी पत्करले. दांडी किती व कोणीकडे कलली याचे माप आतील उपकरण घेते आणि त्या मानाने यंत्र वळते.

आता आमच्या पुसदेकडे या दांडीचे काय काम, असे कोणी विचारील. २०१७ च्या पावसाळ्यात या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पंप पाठीवर, नळी तोंडासमोर, अंगात साधा सदरा! उलटलेला फवारा श्वासावाटे आणि कातडीवाटे शरीरात उतरे.

फवारणीच्या ड्रोनच्या हातपेटीवर अशा दोन दांड्या असतात. बहुधा डावीने उंची व तोंडाची दिशा, उजवीने पुढे-मागे व आडवे जाणे. बोट काढले की दांडी मध्यावर येते आणि ड्रोन जागीच तरंगत राहते. चालविणारा बांधावर, वारा पाठीशी घेऊन उभा. विष आणि माणूस यांच्यात शेताचे अंतर पडते, हा मोठाच लाभ होय. २०२१ च्या नियमांप्रमाणे चालकाचे वय १८ ते ६५, शिक्षण दहावी आणि मान्य संस्थेतील प्रशिक्षण एवढे लागते. म्हणजे मॅट्रिक झालेल्या आमच्यासारख्या पेन्शनरासही अद्याप थोडी मुदत आहे. २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांस ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली. शेती असलेल्या घरांतील लेकीसुनांनी हे शिक्षण घेण्यास संकोच बाळगू नये.

तथापि दांडी हाती आली म्हणजे विष दूर गेले, असे नव्हे. टाकीत औषध मिसळणे माणसाच्याच हातून होते, आणि ड्रोनच्या फवाऱ्यात पाणी थोडे असल्याने मिश्रण पाठीवरच्या पंपाहून तीव्र असते. तेव्हा हातमोजे व मुखपट्टी हवीच. वारा जोराचा असेल तर फवारा शेजाऱ्याच्या विहिरीवर किंवा गुरांच्या चाऱ्यावर जातो. त्या दिवशी ड्रोन घरीच ठेवावे. आणि फवारलेल्या शेतात त्याच दिवशी निंदणाऱ्या बायांना मुळीच पाठवू नये.